बेटावर कोणाला येऊ द्यायचं

नागपूरच्या विमानतळावर आई सारखी ओढणीने डोळे पुसत होती आणि बाबा बॅगेचं हँडल घट्ट धरून उभे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवलेला माणूस. शेवटी एवढंच म्हणाले, "शिकवणं मात्र सोडू नकोस."

मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागातल्या एका शाळेत मी गणित शिकवायला लागले. मग माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, दक्षिणेकडच्या एका छोट्या बेटावर पवनचक्क्यांचं काम मिळालं. तिथल्या शाळेत मी धरून दोनच शिक्षक. काही वर्षांनी बेटाचा कारभार बघणाऱ्या कौन्सिलची एक जागा रिकामी झाली, तेव्हा पालकांनीच मला गळ घातली. दोन्ही जमणार नव्हतं, म्हणून शाळा सोडली आणि निवडून आले. बाबांना भीतभीत सांगितलं. ते फोनवर हसले. म्हणाले, आता मोठ्यांना शिकव.

बेटावरचं राजकारण म्हणजे कचऱ्याचे डबे, जेटीवरचे दिवे, मोकाट कुत्री. मग कोविड आला. बेटाच्या दवाखान्यात नर्स एकच, म्हाताऱ्यांची वस्ती जास्त. बोटीतून सामान येऊ दे, बाहेरचं माणूस नको, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या वर्षी डग नावाचा म्हातारा मच्छीमार कॅन्सरने अंथरुणाला खिळला. केली नावाची त्याची मुलगी मेलबर्नच्या हॉस्पिटलमध्ये नर्स. तिला वडिलांकडे यायचं होतं. कौन्सिलने क्वारंटाइनची सोय करून दिली तर सरकार परवानगी देणार होतं. त्याच आठवड्यात बाबा अमरावतीत ऑक्सिजनवर होते आणि सीमा बंद असल्यामुळे मला देशाबाहेर पडता येत नव्हतं. घरात मी एका जागी बसू शकत नव्हते. जेवण गॅसवर ठेवून जेटीपर्यंत चालत जायचे, परत यायचे, पुन्हा निघायचे.

सभेत मी शाळेमागचं शिक्षकांचं रिकामं घर केलीला द्या म्हणाले. बोटवाला रॉस उठला. त्याच्या दोन्ही मुली माझ्या हाताखाली शिकलेल्या.

"तू इथली नाहीस, सुनंदा. उद्या इथे माणसं मेली तर तू निघून जाशील."

"माझे वडील मरताहेत, रॉस," मी म्हणाले. "मला जाता येत नाही. केलीला येता येतंय."

मग मतदान झालं. एका मताच्या फरकाने ठराव मंजूर झाला.

केली आली. क्वारंटाइन संपेपर्यंत वडिलांच्या खिडकीपासून लांब, बाहेर खुर्ची टाकून बसायची. नंतर आत गेली आणि शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिली. बेटावर कोणी आजारी पडलं नाही. पण ते आधी कोणाला माहीत होतं? माझे बाबा केलीचं क्वारंटाइन संपण्याआधीच गेले होते. त्यांचा अंत्यविधी मी मोबाइलवर पाहिला. मध्येच नेटवर्क गेलं आणि परत आलं तेव्हा सगळे घरी निघाले होते.

सीमा उघडल्यावर अमरावतीला गेले. आईने माझ्यासाठी नवी चादर काढली. भाऊ म्हणाला, ताई, तू बस, तुला कशाला त्रास. गल्लीत नळावरून भांडण पेटलं होतं. मी मध्ये काही बोलायला गेले तर सगळ्याजणींनी भांडण थांबवून मला चहा दिला. माझ्याशी कोणाला भांडायचंच नव्हतं. रात्रभर तळमळत राहिले.

परतले तेव्हा बेटाची बोट सुटते त्या अलीकडच्या जेटीवर रॉस उभा होता. कशी आहेस वगैरे काही नाही. माझी बॅग उचलून बोटीत टाकली आणि बेट येईपर्यंत तिथल्या जेटीच्या दिव्यांवरून मला बोल लावत राहिला. मीही त्याला सोडलं नाही. खूप दिवसांनी मला घरी आल्यासारखं वाटलं.