सत्यनारायणाचा शिरा आणि टिप्याचा शेवटचा शॉट

कॅमेरा तयार होता, लाइट तयार होते, आणि चित्रपटाचा हीरो बागेच्या एका कोपऱ्यात घोरत पडला होता. हीरो म्हणजे टिप्या, माझा गावठी कुत्रा. शेजारी हिरॉइन, लॅब्रॅडॉर जातीची रोझी. तीही आडवी.

मी कुत्र्यांना शिकवतो. राहतो कसबा पेठेत, ट्रेनिंग येरवड्याला भाड्याच्या जागेत. कुठला कोर्स केला नाही. बंगल्यांतली कुत्री फिरवता फिरवता शिकलो. या कौटुंबिक चित्रपटासाठी दोघांवर आठ महिने घालवले होते. अट एकच होती: शूटिंगच्या दिवशी माझ्याशिवाय कोणी त्यांना खायला घालायचं नाही. कुत्र्याने जिथे थांबायचं त्या ठरलेल्या जागेला आम्ही 'मार्क' म्हणतो. तो मार्कपर्यंत मटणाच्या तुकड्यासाठी जातो. कथा त्याला कोणी वाचून दाखवलेली नसते.

"काय खाल्लं यांनी?" मी विचारलं.

निर्मात्याच्या पत्नी हसत पुढे आल्या. सगळं युनिट त्यांना वहिनी म्हणायचं. सकाळी त्यांनी सेटवर सत्यनारायण घातला होता. "प्रसादाचा शिरा. दोन-दोन वाट्या. काय आवडीने खाल्ला हो!"

"वहिनी, मी नको म्हणालो होतो."

"अहो, प्रसादाला नाही म्हणतात का कुणी?"

"कुत्र्यांनी बोलली होती का पूजा?"

वहिनी रुसल्या. नशीब, काटकसर म्हणून शिऱ्यात बेदाणे नव्हते. बेदाणे कुत्र्याला विषासारखे.

शॉट शेवटचा होता. हरवलेले आजोबा बाकावर बसलेत, टिप्या धावत येतो आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवतो. बाग त्या एकाच दिवसासाठी मिळाली होती. दिग्दर्शक नारायण पेठेतला, सिनेमावर भाषणं देणारा. तो म्हणाला, "सोडा. हा सीन कॉम्प्युटरवर कुत्रा तयार करून घेऊ."

माझं डोकं फिरलं. लोक जो सीन घरी घेऊन जाणार, त्यातच टिप्या नाही?

मी निर्मात्याला बाजूला घेतलं. "एक तास द्या. जमलं नाही, तर करा तुमचा कॉम्प्युटरचा कुत्रा. जमलं, तर चित्रपटाच्या सुरुवातीला नावांची स्वतंत्र पाटी. टिप्या, रोझी, आणि शिक्षक म्हणून माझं नाव."

"विशेष आभारात टाकतो की."

"आभार मंडपवाल्याचे माना."

बरीच ओढाताण झाली. शेवटी त्याने चौरंगाकडे हात केला. "सत्यनारायणासमोर शब्द देतो. आता कागद कशाला?"

कागदाशिवाय मी साधं पिल्लूही कुणाला देत नाही. त्या दिवशी मात्र मान हलवली.

पोट भरलेला कुत्रा मटणाला हलत नाही, पण वासाला हलतो. मी अंगातला शर्ट काढून आजोबांचं काम करणाऱ्या नटाला दिला.

"अहो, हा धुतलेला आहे का?"

"धुतला असता तर कुत्रा आला नसता. घाला."

वर त्यांची शाल. कॅमेरामन सोडून बाकी सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. मी बाकामागच्या झाडाआडून हळूच शीळ घातली. टिप्या उठला. धावला नाही. डुलत, थांबत, हवा हुंगत आला, मांडीवर डोकं ठेवलं आणि खरोखर झोपला. नटाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात शर्टाचा वाटा किती, मी विचारलं नाही.

चित्रपट चालला. त्या सीनला थिएटरात रुमाल निघाले. दिग्दर्शक मुलाखतीत म्हणाला, कुत्र्याने धावू नये, थकून यावं, ही आपली दृष्टी होती. सुरुवातीला स्वतंत्र पाटी होतीच: 'श्वान कलाकारांवर संस्कार', आणि खाली वहिनींचं नाव. माझं नाव शेवटी, विशेष आभारांत, मंडपवाल्याच्या खाली.

मी निर्मात्याला फोन लावला. "सत्यनारायणासमोर शब्द दिला होतात."

"दिला होता ना. पण तुम्हीच सांगा, हिचा शिरा नसता, तर टिप्या इतका सुंदर पेंगला असता का?"

नसता पेंगला, हे मलाही माहीत होतं. राग त्याचाच जास्त आहे.

आता पाटीवरचा मजकूर सहीनिशी हातात आल्याशिवाय माझा कुत्रा गाडीतून उतरत नाही. आणि सेटवर पूजा असेल, तर दोन सह्या घेतो.