उस्ता दसूकीची खुंटी

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या उस्ता दसूकीकडे, म्हणजे दसूकी मेकॅनिककडे, जगातल्या सगळ्या दुखण्यांवर औषध एकच होतं: भोक दिसलं की खुंटी ठोक. घरचा नळ असो, गच्चीची मोरी असो, नाहीतर गिऱ्हाइकाचं इंजिन.

इंजिनाच्या पोटातून एक रबरी नळी निघते. पिस्टनच्या कडेने जो जळका वायू खाली निसटतो, तो एका छोट्या झडपेतून आणि या नळीतून परत वर जातो आणि पेट्रोलबरोबर जळतो. झडप काजळीने चोंदली की वायू भलतीकडून वाट काढतो आणि गाडीत घाण वास सुटतो.

"अरे, झडप काढून हलव. खुळखुळली तर ठीक, नाहीतर नवी घाल," समोरच्या गॅरेजचा उस्ता वदीअ ओरडून सांगायचा. "इंजिनाचं नाक दाबू नकोस."

"तू तुझं नाक सांभाळ," दसूकी म्हणायचा आणि नळी उपटून तिथे लाकडी खुंटी ठोकायचा. वास बंद, गिऱ्हाईक खूश. पुढे कोंडलेल्या दाबाने सील फुटून तेल गळायला लागलं की तेच गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याच दारात. "हल्ली सीलच कच्ची येतात," तो हळहळायचा. यात लबाडी मुळीच नव्हती. त्याला ते मनापासून पटलेलं होतं. लबाड परवडला, हा प्रकार भयंकर.

त्याच्या मुलीचं, साबरीनचं, लग्न हमदीशी ठरलं. हमदी स्वतःची मायक्रोबस चालवायचा. होणाऱ्या जावयाचं कौतुक म्हणून दसूकीने तिच्यातही खुंटी ठोकून दिली, फुकट. वरातीसाठी स्वतःची जुनी गाडी काढली आणि नवरीच्या पांढऱ्या झग्याला तेलाचा वास लागू नये म्हणून त्या गाडीत चांगली जाडजूड खुंटी बसवली.

हॉर्न वाजवत, टाळ्या पिटत वरात पुलावर चढली आणि दसूकीच्या बॉनेटखाली धडाम झालं. तेल मोजायची पट्टी उडाली, तापल्या लोखंडावर तेल सांडलं, पांढऱ्या धुराचा लोट उठला. रांगेतल्या गाड्या थांबल्या. त्यातल्या बहुतेक दसूकीच्याच गिऱ्हाइकांच्या.

"दृष्ट लागली पोरीला," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दसूकीचा जीव भांड्यात पडला. वरातीत आलेला वदीअसुद्धा, लग्नाचा मान राखून, गप्प बसला होता.

"दृष्टच," दसूकी मोठ्याने म्हणाला. "मेल्यांचे डोळे फुटोत."

झगा दोन्ही हातांनी उचलून साबरीन खाली उतरली. तिचं बालपण त्या गॅरेजात गेलं होतं.

"बाबा, हमदीच्या गाडीतही ठोकलीय ना?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. त्या गाडीवर आमची चूल पेटणार आहे."

दसूकीने लोकांकडे पाहिलं. तीस वर्षांचं नाव त्या पुलावर उभं होतं, आणि त्याला ते फार प्रिय होतं. मग त्याने नवा कोट काढून साबरीनच्या हातात दिला, मागे थांबलेल्या हमदीच्या मायक्रोबसच्या इंजिनात हात घातला आणि पक्कडीने खुंटी उपटली. फस्स करून आवाज झाला. तो सगळ्यांना ऐकू गेला.

मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्नवरचा हात काढला.

"उस्ता, माझ्याही गाडीत आहे का ती?"

शरमेने दसूकीची मान वर होईना.

"आहे," तो म्हणाला. "बॉनेट उघड."

मग रांगेतली बॉनेटं एकामागून एक उघडायला लागली.