पाहुण्याला दिलेलं पाणी

शरयूताईंची आणि माझी पहिली भेट कोबेला झाली. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी पुण्याहून डॉक्टरेटसाठी आलो होतो आणि डॉ. शरयू देवस्थळी माझ्या मार्गदर्शक होत्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना माझ्या संशोधनाचा आराखडा दाखवला. पश्चिम आफ्रिकेतला एक ग्रामीण जिल्हा, तिथलं राहणीमान, विकासाच्या अडचणी, अशा चाळीस स्लाइड. ताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "जेवलास का?" मी हो म्हणालो. "मग सांग, या चाळीस स्लाइडमध्ये बाई कुठे आहे?"

मी त्याच संध्याकाळी डोक्यावर घडा घेतलेल्या बाईचा एक छानसा फोटो शोधला, सोळाव्या स्लाइडवर चिकटवला आणि सूचना अमलात आणली असं समजलो. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना संपादक म्हणाले होते, "तुम्ही त्यांचे लाडके विद्यार्थी, तुम्ही मनापासून लिहाल." मनापासून लिहायचं म्हणजे काय लिहावं लागेल हे मला ठाऊक होतं, म्हणून मी दोन महिने त्यांचे फोन टाळले. त्याबद्दल आधी त्यांची माफी मागतो.

ताईंचं काम या ग्रंथाच्या वाचकांना माहीत आहेच, तरी थोडक्यात सांगतो. घानाच्या उत्तरेकडच्या एका जिल्ह्यात त्या वीसेक वर्षं जात आहेत. मातीच्या गोल खोल्या, मधे अंगण, भोवती कुंपणाची भिंत, अशी तिथली घरं. पावसाळ्यात रस्ता तुटतो आणि दवाखान्यात नर्स असली तरी औषध पोचत नाही. शाळा आहे, पण तीन वर्ग एकाच झाडाखाली बसतात आणि मास्तर एकच. कोरड्या ऋतूत उत्तरेकडून धुळीचा वारा सुटतो, तळी आटतात. या सगळ्यावर परिषदांमध्ये बोलणारे खूप आहेत. ताई तिथे राहतात, अंगणात बसून बायकांबरोबर शेंगा सोलतात आणि मग विचारतात. त्यांच्या कामाची पद्धत विचाराल तर एवढीच. ऐकायला सोपी वाटते ना? मलाही वाटली होती.

ही पद्धत त्या आम्हाला पुस्तकातून शिकवत नसत. त्सुनामीनंतर त्या ईशान्येकडच्या एका निवारा केंद्रात काम करून आल्या होत्या. शाळेच्या व्यायामशाळेत शेकडो माणसं पुठ्ठ्यांवर झोपत होती. काय काय हवं याची यादी गावातल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी केली होती आणि ती अगदी नेटकी होती. ताईंनी बायकांना वेगळं बसवून विचारलं, तेव्हा कळलं की कपडे बदलायला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू नाहीत, बाळाला पाजायला जागा नाही. "यादी खोटी नव्हती रे," ताई म्हणाल्या, "पण ज्यांनी सांगितली त्यांची होती." मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ती वही अजून माझ्याकडे आहे. लिहून घेण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

माणूस म्हणून ताई कशा आहेत हे माझ्या बायकोला, मनीषाला, विचारावं. आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी भारतातून कोणी येऊ शकलं नाही. ताईंनी कोबेच्या भारतीय वाण्याकडून डिंक मिळवला, घरी लाडू वळले आणि डबा घेऊन आल्या. वर वॉर्ड ऑफिसमध्ये मनीषाबरोबर बसून जपानी फॉर्म भरले आणि येताना आमचा कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत जायला हवा ते फ्रिजवर मराठीत लिहून चिकटवलं. मनीषा अजून म्हणते, "माझं बाळंतपण ताईंनी केलं, तू नुसता स्टेशनवरून ये-जा करत होतास." खरं आहे.

आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो, त्याकडे येतो.

दुसऱ्या वर्षी ताईंनी मला त्या जिल्ह्यातल्या एका गावाच्या पाहणीला पाठवलं. एका प्रकल्प समितीकडे तिथे एकच मोठं काम करण्याइतका निधी होता आणि ते कोणतं असावं हे माझ्या पाहणीवरून ठरणार होतं. मी जपानला येऊन नवा नवा वक्तशीर झालो होतो. नवा मुसलमान सतरा वेळा नमाज पढतो म्हणतात तसं नको म्हणायला, पण माझा उत्साह तसलाच होता: सकाळी नऊ ते दुपारी चार, प्रत्येक घराला वीस मिनिटं, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. दुभाषा म्हणून गावातले शाळामास्तर इसाहाक बरोबर असत. सहा आठवड्यांत एक घर चुकवलं नाही की एक रकाना रिकामा ठेवला नाही.

आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात. तिथेही तसंच आहे. घरात पाऊल टाकलं की घरातली म्हातारी किंवा एखादी मुलगी वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातून पाणी आणायची, गुडघे टेकून पुढे करायची आणि ते घेतल्याशिवाय कामाचं बोलणं सुरू होत नसे. पाणी गढूळ असायचं. माझ्या पिशवीत बाटली होती आणि मनात पोट बिघडण्याची धास्ती. मग मी ओठ लावल्यासारखं करायचो आणि नजर चुकवून पाणी पायाशी ओतून द्यायचो. काही घरांत तर धुळीने हात माखलेले असायचे, म्हणून सरळ हात धुतले. आणि ओल्या हातांनी विचारलं, "पाण्याची काही अडचण?"

कर्ते पुरुष बाकावर बसलेले असत. ते म्हणत, "पाणी आहे. बायका आणतात."

मी "उपलब्ध" या रकान्यात खूण करायचो. गावाला सगळ्यात आधी काय हवं, या प्रश्नावर ते म्हणाले, धान्याचं कोठार. मी तसं लिहिलं. बायका घरी का दिसत नाहीत हा प्रश्न मला सहा आठवड्यांत एकदाही पडला नाही. इसाहाक मास्तरांनी एकदा सुचवलं होतं, "सर, आपण जरा लवकर निघू या का?" मी त्यांना वेळापत्रक दाखवलं.

कोठार झालं. पुढच्या कोरड्या ऋतूत ताई आणि मी गावाला गेलो. ताई बायकांच्या खोलीत उतरल्या आणि पहाटे उजाडायच्या आत त्यांच्याबरोबर पाण्याला गेल्या. परतायला दुपारचे चार वाजत आले. जवळचं तळं आटलेलं होतं. लांबच्या एका खड्ड्यात झिरपणारं पाणी वाटीवाटीने गोळा करत बायका रांगेत बसल्या होत्या. पन्नाशीच्या जवळ आलेल्या ताई एक लहान घमेलं डोक्यावर घेऊन आल्या, तेव्हा त्यांचा पदर भिजलेला होता आणि पाय लटपटत होते.

अंगणात अझारा नावाच्या बाईने त्यांच्यापुढे बोलायला सुरुवात केली. इसाहाक मास्तर भाषांतर करता करता माझ्याकडे बघून अडखळले. ताई म्हणाल्या, "थांबू नका मास्तर, सगळं सांगा."

अझारा म्हणत होती, "गेल्या वर्षी हा आला होता. आम्ही पाण्यावर होतो. माझ्या मुलीने याला पाणी दिलं. याने हात धुतले आणि कागदावर लिहिलं. आम्हाला वाटलं, पाण्याचंच लिहिलं असेल."

तिची मुलगी मेमुना तिथेच उभी होती. अकरा-बारा वर्षांची. कोरड्या ऋतूत एका बाईने आणलेलं पाणी घराला पुरत नाही, म्हणून त्या वर्षी तिला शाळेतून काढलं होतं. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या अंगणात कळलं.  ताईंनी माझी जुनी पाहणी मागून घेतली आणि त्या बायकांसमोर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागल्या.

कोबेला परतल्यावर समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी अगदी सौम्य आवाजात विचारलं, "ही पाहणी घरोघरी जाऊन कोणी केली?" मी ताईंपासून तीन खुर्च्या सोडून बसलो होतो. माझा प्रबंध त्याच पाहणीवर उभा होता आणि मुलगी चार महिन्यांची होती. मी समोरच्या कागदाकडे बघत राहिलो. ताई उठल्या. "पाहणी माझ्या नावाने झाली आहे. चूक माझी आहे," असं जपानीत म्हणाल्या आणि कमरेतून वाकल्या. इथे अशा प्रसंगी किती वेळ वाकून राहायचं याचेही संकेत आहेत. ताई त्याहून जास्त वेळ वाकून होत्या.

इतिवृत्तात तसंच नोंदलं गेलं. विद्यापीठात नवं केंद्र निघणार होतं, त्याच्या प्रमुखपदासाठी ताईंचं नाव जवळपास नक्की होतं. ते दुसऱ्यांना मिळालं. ताईंनी मला पाहणी नव्याने करायला लावली, पहाटेपासून, पाण्याच्या वाटेवर चालत चालत. प्रबंध त्या नव्या पाहणीवर झाला आणि वाखाणला गेला. बोअरवेलसाठी ताई समित्यांचे उंबरे झिजवत होत्या, सुट्ट्या घेऊन आपल्या खर्चाने गावाला जात होत्या. तीन वर्षांनी बोअर झाली. आज ते काम ताईंचं म्हणून सगळे सांगतात आणि बरोबर सांगतात. पण त्याला तीन वर्षं का लागली, ते कोणी सांगत नाही.

इथवर ताईंना सगळं माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

मी आता ज्या संस्थेत आहे तिथल्या मुलाखतीत मला त्या फसलेल्या पाहणीबद्दल विचारलं गेलं. मी म्हणालो, "पाहणीची आखणी प्रोफेसरांची होती." वाक्य तसं खोटं नव्हतं. प्रश्नावली ताईंनीच तपासली होती. समोरच्यांनी समजून घेतल्यासारख्या माना हलवल्या आणि मला नोकरी मिळाली. त्यानंतर दरवर्षी ताईंच्या वाढदिवसाला मी फुलं घेऊन जातो, वाकून नमस्कार करतो आणि त्या माझ्या पाठीवर हात ठेवतात. वर्षानुवर्षं मी तो हात पाठीवर घेतला आहे!

हा लेख संपादकांकडे देण्याआधी मी दोन गोष्टी केल्या. समितीला पत्र लिहून पहिली पाहणी माझी होती, चूकही माझी होती, इतिवृत्त दुरुस्त करावं, असं कळवलं. त्याची प्रत माझ्या संस्थेलाही दिली. पुढे काय होईल ते होईल. मग ताईंना फोन केला आणि हा लेख इथपर्यंत वाचून दाखवला.

मला वाटलं होतं, त्या हसतील. "जाऊ दे रे निरंजन, किती जुनं झालं," म्हणतील. गौरवलेखात तसं छान बसलं असतं.  पण त्या म्हणाल्या, "मुलाखतीचं मला माहीत नव्हतं."

मी म्हणालो, "ताई, मी ते काढून टाकू का?"

"नको. छापू दे." त्या म्हणाल्या. "बैठकीत मी उठले ते तुझ्यासाठी नव्हतं, समजलास? तुला एकट्याला पाठवलं ती माझी चूक होतीच. पण हे जे तू केलंस ना, त्याने मला लागलं. खूप लागलं."

मी हातातली पानं खाली ठेवली.

"मेमुनाचं लिहिलंस का पुढचं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग ते लिही. माझा मोठेपणा पुरे झाला. आणि आज फोन ठेव आता, मला बोलावंसं वाटत नाही."

तेव्हा लिहितो. बोअर झाली त्या वर्षी धाकट्या मुली परत शाळेत जाऊ लागल्या. मेमुना गेली नाही. तीन वर्षांत तिच्या बरोबरीच्या मुली पुढे निघून गेल्या होत्या आणि लहानांमध्ये बसायची तिला लाज वाटली. लाज तिला वाटली, मला नाही. आता तिचं लग्न झालं आहे, दोन मुलं आहेत. ताई गावाला गेल्या की तिच्याकडे उतरतात आणि दुपारी तिला अक्षरं शिकवतात. गेल्या खेपेला तिने ताईंना स्वतःचं नाव लिहून दाखवलं. मी त्या नव्या पाहणीनंतर गावाला गेलेलो नाही. कधी वर्ग असतात, कधी परिषदा. सबबींना काय तोटा?

ताईंसाठी साठाव्या वर्षी शंभर वर्षांचं आयुष्य मागण्याचा हक्क या ग्रंथातल्या इतर सर्वांना आहे. मला तो नाही, म्हणून मी माझ्यापुरतं मागतो. ताईंना भरपूर आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत, आवाज खणखणीत राहो, आणि माझ्यावर इतकी वर्षं रागवायचं राहून गेलं आहे ते सगळं त्यांना सावकाश, मनसोक्त रागवता येवो. मी ऐकायला येईन. त्या बोलवतील त्या दिवशी, त्या म्हणतील त्या वेळेला.