बाहेरून लागलेलं कुलूप

चाळीस वर्षं निंगव्वानं ज्वारीच्या कडक भाकरी केल्या. पहाटे चूल पेटवायची, दीडशे-दोनशे भाकरी थापायच्या, वाळवायच्या आणि दुकानांत पोचवायच्या. नवरा लवकर गेला. त्या भाकरींवरच तिनं पोराला, महेश्वरला, वाढवलं आणि शेळगीत तीन खोल्यांचं घर बांधलं. घर तिच्या नावावर होतं. आता ती शहात्तर वर्षांची होती आणि त्याच घरात रोज सकाळी दहा वाजता कोंडली जात होती.

सुरुवात झाली ती गॅसवरून. दूध तापत ठेवून ती पडवीत येऊन बसली आणि विसरली. दूध उतू गेलं, आच विझली, घरभर गॅसचा वास पसरला. धनलक्ष्मी, तिची सून, नेमकी त्याच वेळी घरी आली म्हणून निभावलं. त्या रात्री महेश्वर म्हणाला, "अव्वा, आता आम्ही कामाला गेल्यावर ग्रिलला कुलूप लावून जाणार. तुझ्याच भल्यासाठी."

"मी काय चोर हाय व्हय रे?"

"तसं नव्हे की. तू कुठं निघून गेलीस तर आम्ही कुठं शोधायचं?"

महेश्वर नव्या पेठेत कापडाच्या दुकानात, धनलक्ष्मी शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात. दोघंही कामाला जुंपलेली. निंगव्वाला ते कळत होतं. म्हणून पहिले काही दिवस ती गप्प राहिली. पण भीती गप्प बसत नाही. दहाला कुलूप पडलं की विचार सुरू व्हायचे. छातीत कळ आली तर? साप शिरला तर? फोन तर महेश्वरनं आधीच काढून घेतला होता. फसवणारे लोक म्हाताऱ्यांनाच गाठतात, असं त्याचं म्हणणं. ती दुपारभर भिंतीला टेकून बसायची आणि रस्त्यावरच्या चपलांचे आवाज मोजायची.

मग मार्चमधली ती दुपार आली. मागच्या मोकळ्या जागेत कुणीतरी प्लास्टिकचा कचरा पेटवला आणि काळा धूर खिडकीतून थेट आत आला. निंगव्वाला ते काय ठाऊक. तिला वाटलं, घर पेटलं. त्याहून वाईट म्हणजे तिला वाटलं, आपणच पेटवलं. गॅस चालू ठेवला का आपण? सकाळी चहा केला होता का? काही केल्या आठवेना. ती ग्रिलपाशी धावली, दोन्ही हातांनी गज हलवू लागली, ओरडू लागली. तोंडातून शब्द निघेना, नुसताच आवाज निघत होता.

आणि गजावर हात आपटताना तिला दुसराच आवाज ऐकू आला. टकटक. लाकडी दारावरची, बारीक, न थांबणारी.

तो तिच्या अत्तीचा, सासूचा आवाज होता. बेचाळीस वर्षांपूर्वी ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. सासू भ्रमिष्टासारखी करायची, उठून कुठंही चालू लागायची. भाकरी पोचवायला जाताना निंगव्वा तिला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायची. सासू आतून दार वाजवत राहायची. आठ वर्षांचा महेश्वर त्या दाराला पाठ लावून अभ्यास करायचा. एक दिवस ती परतली तेव्हा टकटक थांबलेली होती. बरं झालं, झोपली, असं निंगव्वाला वाटलं होतं. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा सासूचं अंग गार पडलं होतं.

इकडं ओरडणं ऐकून शेजारच्या कल्लप्पानं, एसटीतून रिटायर झालेल्या कंडक्टरनं, दगडानं कुलूप फोडलं. "आजी, काय पेटलं न्हाय, कचरा हाय," तो सांगत होता. निंगव्वा उंबऱ्यात बसली होती. लुगडं ओलं झालं होतं, ते लपवायला ती गुडघे जवळ घेत होती.

संध्याकाळी महेश्वरनं नवं, मोठं कुलूप आणलं. कल्लप्पाला म्हणाला, "आमच्या घरात लक्ष घालू नका." आणि आत येऊन आईसमोर उभा राहिला. "परत अशी ओरडलीस तर लोक वेडी म्हणतील. मग मला तुला आश्रमात ठेवावं लागेल. चालेल?"

कल्लप्पानं तरीही ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावला. चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यातून अंकिता नावाची कॉन्स्टेबल आली. महेश्वर दारातच उभा होता. "आजी, काही त्रास होतोय का?" तिनं विचारलं. निंगव्वानं पोराच्या पायांकडं पाहिलं. आश्रमातल्या लोखंडी खाटा तिच्या डोळ्यांपुढं आल्या. शिवाय कोणत्या तोंडानं सांगायचं? जिनं हेच केलं, तिनं तक्रार करायची?

"न्हाय बाई," ती म्हणाली. "काय त्रास न्हाय."

अंकिता गेली. दुसऱ्या दिवसापासून धनलक्ष्मीची पाळी लवकरची झाली आणि शेवटी घरातून निघायची ती नात, दानेश्वरी. कॉलेजला जाणारी, हसरी, आज्जीच्या पोळीवर तूप वाढणारी पोर. आईनं आदल्या दिवशी तिला शिकवलं होतं. "लावल्यावर दोनदा ओढून बघायचं," इतकंच. दानेश्वरीनं केस बांधले, डबा घेतला, "आज्जी, येते हं," म्हणाली, कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. कानात गाणं चालूच होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. राग नाही, लाज नाही. दाराला पाठ लावून अभ्यास करणाऱ्या महेश्वरच्या चेहऱ्यावरही काही नसायचं.

निंगव्वाला तेव्हा जी भीती वाटली, ती धुराच्या वेळीही वाटली नव्हती. ती स्वतःसाठी नव्हतीच. या पोरीला पण आता ही सवय लागणार, आणि पुढं महेश्वरला, धनलक्ष्मीला ती अशीच हसत कोंडणार.

ती खिडकीपाशी गेली आणि हाक मारली, "कल्लप्पा! त्या पोलीस पोरीला परत बोलाव."

संध्याकाळी अंकिता आली. या वेळी तिनं महेश्वरला बाहेर थांबायला लावलं आणि खाली जमिनीवर बसली. कानडीत म्हणाली, "अव्वा, हेदरब्याड्री." घाबरू नका. आईच्या भाषेतला तो शब्द ऐकून निंगव्वाचा बांध फुटला. तिनं कुलपाचं सांगितलं, धुराचं सांगितलं, आश्रमाचं सांगितलं. आणि मग, कुणी विचारलं नसताना, सासूचंही सांगितलं. बाहेर ग्रिलला धरून उभ्या महेश्वरला सगळं ऐकू येत होतं. तो मान खाली घालून पायरीवर बसला.

अंकितानं त्याला स्पष्ट सांगितलं. "घर तुमच्या आईचं आहे. तिला तिच्याच घरात कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे. आजींनी म्हटलं तर आत्ता लिहून घेते." निंगव्वानं गुन्हा नको म्हटलं. पण प्रांत ऑफिसात अर्ज दिला आणि तिथं सगळ्यांसमोर ठरलं ते महेश्वरनं सही करून मान्य केलं: कुलूप नाही, फोन परत, दुपारी गॅस बंद, आणि रोज तासभर कल्लप्पाची बायको येऊन बसणार.

भीती गेली असं म्हणता येणार नाही. महेश्वर महिनाभर आईशी धड बोलला नाही आणि त्या गप्पपणाचीही तिला धास्ती वाटायची. एके दुपारी ती एकटीच खोबरं आणायला निघाली. तिसऱ्या गल्लीत वळली आणि अचानक सगळी घरं सारखी दिसू लागली. गिरणीच्या भिंतीला धरून ती बराच वेळ उभी राहिली. शेवटी गिरणीवाल्याला विचारत विचारत घरी पोचली, तर दारात धनलक्ष्मी, पांढरी फटक.

"कुठं गेला होता, अत्ती?"

खोटं बोलावंसं वाटलं. खरं सांगितलं तर पुन्हा सगळं सुरू होईल. निंगव्वानं पदरानं तोंड पुसलं.

"वाट चुकले गं."

धनलक्ष्मी आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली. "उद्या मी येते दुकानापर्यंत," ती म्हणाली. "वाट परत दाखवते." निंगव्वानं तांब्या घेतला.