नानांचे वडे आणि संसदेतली घंटा

मंडळी, आज दिल्लीत जुनं संसद भवन बघितलं. आमची ठाकुर्लीची अर्धी सोसायटी सहलीला आली आहे, सेक्रेटरी नानांसकट.

आधी नानांचं सांगते. मागच्या वार्षिक सभेत पार्किंगसाठी आवारातला बकुळ तोडायचा ठराव होता. बकुळ माझ्या सासऱ्यांनी लावलेला. विरोध करणारे आम्ही बरेच होतो. नाना म्हणाले, "आधी गच्चीवर गरम वडे खाऊन घ्या, मतदान नंतर." आम्ही वर डिश घेऊन उभे, आणि खाली ठराव मंजूर. आठवड्यात झाड गेलं. तेव्हापासून हा राग पोटात घेऊन फिरतेय.

आज गाईडने सांगितलं, इथे मतदानाआधी सगळीकडे घंटा वाजायची. खासदार कुठेही असले तरी धावत यायचे. मगच दारं बंद करून मतं घ्यायचे.

मी हात वर केला. "भाईसाब, और मेंबर लोग को वडा खाने भेजके पीछे वोटिंग कर ली तो?"

गाईड हसला. "मॅडम, वो तो चोरी हुई."

आमची सगळी माणसं नानांकडे बघायला लागली. नाना छताकडे बघत होते.

तुम्ही म्हणाल, सोड आता, झाड काही परत येणार नाही. नाही सोडणार. पुढच्या रविवारी नवी कमिटी निवडायची आहे. संध्याकाळी बाजारात शाळेत असते तशी पितळी घंटा घेतली.

नानांनी विचारलं, "वहिनी, एवढी मोठी कशाला?"

म्हटलं, "गच्चीवर वडे खाताना ऐकू आली पाहिजे ना."