नीलाकाकूंसाठी घंटा

अमेरिकेतल्या कॅरी शहरात, आमच्या गल्लीत रिटायर झालेल्या प्रत्येकाला काहीतरी व्यसन आहे. कोणाला गोल्फ, कोणाला शेअर्स, कोणाला दुसऱ्याच्या सुनेच्या चौकशा. कुमारकाकांना मात्र चर्चनी झपाटलं. तीही शहरातली नव्हेत. आडगावातली जुनी, गावापुरती लाकडी चर्च, जिथे पाद्रीसुद्धा महिन्यातून एकदा उगवतो तसली. शनिवार उजाडला की थर्मास, चिवड्याचा डबा आणि नीलाकाकू गाडीत.

"काका, बाप्तिस्मा कधी? जेवण व्हेज ठेवा हं," शेजारचा संजय लॉनवरून ओरडायचा.

"आधी तुला बुडवायचंय. तुझ्या बायकोने नंबर लावून ठेवलाय," काका म्हणायचे.

काकांनी जन्मभर पूल बांधलेले, त्यामुळे ते आत शिरले की मान वर करून तुळया बघत राहायचे. काकू देवळात आल्यासारख्या पायरीवर चपला काढायच्या आणि काकांनाही बूट काढायला लावायच्या. "देव कोणाचा का असेना, फरशी कोणीतरी पुसलेली असते," हे त्यांचं धर्मशास्त्र.

त्या सवयीनेच एकदा घोटाळा केला. पूर्वेकडच्या तंबाखूच्या शेतांमधलं एक चर्च. आत पाऊल टाकलं तर दाराशीच छतातून दोर लोंबत होता. काकूंचा हात देवळात जातो तसा आपोआप वर गेला आणि त्यांनी दोर ओढला. घंटा अख्ख्या शिवारात घुमली. थोड्याच वेळात धुरळा उडवत पिकअप ट्रक येऊन थडकले. कोणी चिखलाच्या बुटांनी, तर एक म्हातारी हाताला पीठ तसंच घेऊन. त्या गावात रविवार सोडून घंटा वाजली म्हणजे कोणीतरी वारलं.

"कोण गेलं?" म्हातारीने धापा टाकत विचारलं. ही मिस लोरीन; चर्चची देखभाल तीच करायची.

"कोणी नाही. आम्ही आलोय," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी चिवड्याचा डबा उघडला.

गाव पोट धरून हसलं. निघताना लोरीन म्हणाली, "तुझ्यासाठी वाजली तरी आम्ही असेच धावत येऊ, बाई. पण घाई करू नकोस."

गाडीत बसल्यावर काकू म्हणाल्या, "ऐकलंत ना? माझ्यासाठी तिथेच वाजवा. कॅरीत कोण धावणार? सगळे आधी पार्किंग बघतील."

पुढे दर गणपतीच्या पॉटलक जेवणाला हा किस्सा सांगून व्हायचा आणि दरवर्षी त्यातले ट्रक वाढायचे. "काका, यंदा ट्रक किती?" हा संजयचा ठरलेला प्रश्न.

मागच्या ऑक्टोबरात काकू गेल्या. फ्युनरल होममध्ये तासाभराचा स्लॉट मिळाला. निम्मे लोक व्हिडिओवर. मंत्र चालू असताना कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. डब्लिनहून लेक आली, सावनी. "बाबा, यू हॅव टू ईट," म्हणाली आणि सोमवारी मीटिंग म्हणून परत गेली. शेजाऱ्यांचे डबे आले. मग डबे परत न्यायला शेजारी आले. धावत मात्र कोणी आलं नव्हतं. काकांच्या मनात तेवढं एकच रुतून बसलं.

एका शनिवारी ते निघाले. दुकानातला चिवडा घेतला. तंबाखूच्या शेतांत आता सोलर पॅनल होते. वाटेतली घरं होती, पण बऱ्याच दारांना फळ्या ठोकलेल्या. चर्चच्या दारावर इथली प्रार्थना बंद झाल्याची पाटी होती. कडी मात्र गंजून निखळलेली. काकांनी पायरीवर बूट काढले, ते एका कडेला सारून. शेजारची जागा काकूंच्या चपलांसाठी.

दोर होता. त्यांनी ओढला. घंटा तशीच घुमली. ते मोजे घातलेल्या पायांनी पायरीवर येऊन उभे राहिले. "कोण गेलं?" असं विचारलं की काय सांगायचं, ते वाटभर घोकलं होतं. नुसतं नाव सांगायचं.

कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा ओढला, खांदा दुखेपर्यंत.

शेवटी वळणावर धुरळा दिसला. काकांनी शर्ट नीट केला. पार्सलची व्हॅन होती. ड्रायव्हरने कानातला इयरफोन काढून पत्ता विचारला. काका माहीत नाही म्हणाले. व्हॅन गेली.

मग ते मागच्या दफनभूमीत गेले. कडेच्या नव्या दगडावर लोरीनचं नाव होतं. तिच्यासाठी तरी कोणी दोर ओढला होता का, कोण जाणे. चिवड्याची पिशवी फोडलीच नव्हती. ती हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. दोराकडे परत जायचं बळ आता उरलं नव्हतं.

संध्याकाळी गाडी गल्लीत वळली तेव्हा संजय लॉनला पाणी घालत होता.

"काका, आज कुठलं चर्च?"

"तेच. घंटेचं."

"अरे वा. मग, ट्रक किती आले?"

गॅरेजचं दार हळूहळू खाली आलं. काकांना ऐकू आलं नसावं, असं संजयला वाटलं.