पाठमोरी राखण

यमाजीला आयुष्यात दोन गोष्टी कधी उमगल्या नाहीत. साहेब मासा धरून परत पाण्यात का सोडतो ही एक, आणि आपण चार वर्षं नेमकं काय राखलं ही दुसरी. पहिलीचा त्यानं नाद सोडला. दुसरीनं मात्र त्याला सोडलं नाही.

शहापूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी धरणाचं पाणी पसरलेलं, आणि त्याच्या काठावर यमाजीची वाडी. पंधराएक कुडाच्या झोपड्या. जमीन कुणाच्याच नावावर नाही. पावसाळ्यात शेणवे गावाकडच्या कुणब्यांची भातलावणी करायची, पुढं गवत-लाकूड विकायचं आणि बारा महिने मासे धरायचे. यमाजी त्यात पटाईत. वर आलेला बुडबुडा बघून खाली मरळ आहे की शिंगाळा हे तो छातीठोक सांगे. अंदाज चुकला तर मासाच बदलला म्हणे, पण चूक कबूल करायचा नाही.

१९३५-३६ च्या सुमारास धरणावर एक उंचच उंच गोरा अंमलदार आला. वाडीनं त्याचं नाव लांबसाहेब ठेवलं. दर रविवारी तो गळाची काठी आणि दोरा गुंडाळायची चरखी घेऊन पाण्यावर यायचा आणि यमाजी त्याचं सामान वाहायचा. साहेब गळाला गांडूळ लावत नसे, बेडूकही नाही. कोंबड्याचं पीस बांधायचा. पीस खाणारा मासा यमाजीनं जन्मात पाहिला नव्हता, पण साहेबाला ते सांगणार कोण? अर्धा दिवस उन्हात उभं राहून साहेबानं एकदा हातभर लांबीचा महाशीर काढला, लेकराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि परत पाण्यात सोडून दिला. निसटला असं समजून यमाजीनं कपड्यांसकट उडी घेतली, दमलेला मासा पुन्हा धरला आणि अदबीनं साहेबाच्या पायाशी आणून ठेवला. त्यावर साहेब जे ओरडला ते यमाजीला पुढं कितीतरी दिवस ऐकू येत होतं.

"हा मासा ठीक," साहेब मग शांत झाल्यावर म्हणाला. त्याला मोडकंतोडकं मराठी येई. "पण ट्राउट चांगला. सामन चांगला. बास पण चांगला. माझ्या मुलखात."

त्यानं पुस्तकातलं ट्राउटचं चित्र दाखवलं. अंगभर तांबडे ठिपके असलेला मासा, जणू अंगावर देवी येऊन गेल्यात. यमाजीला काही तो चांगला वाटला नाही.

"त्यो गावला तर ठेवायचा ना सायेब?"

"नाही. तो पण सोडायचा."

"मंग आनायचा कशाला?"

साहेब मोठ्यानं हसला. यमाजीही हसला, कारण साहेब हसल्यावर हसायचं असतं.

त्या वर्षी माघात खरंच ते ट्राउट मासे आले. कुठल्याशा थंड डोंगरावरून आगगाडीनं पत्र्याचे डबे आले, त्यात पाणी आणि बर्फ. स्टेशनापासून यमाजीनं ते कावडीनं वाहून आणले. वरून ओलं गोणपाट, आणि पाण्यात वारा खेळला पाहिजे म्हणून डबे सारखे हलवत राहायचं अशी साहेबाची ताकीद. आत बोटाएवढं काहीतरी काळपट वळवळत होतं. ठिपका एकही नव्हता. हेच का ते, असं विचारायचं यमाजीच्या ओठावर आलं आणि तिथंच राहिलं.

मासे सोडले ते जांभूळखोंड्यात. धरणाच्या पाण्याचा एक हात तिथं दोन टेकड्यांमध्ये शिरलेला आणि वरून जांभळींच्या सावलीतून गार झरा येऊन मिळतो. हे मासे रुजले तर पुढच्या वर्षी सामन आणि बास आणू, असं साहेब म्हणाला. मग त्यानं यमाजीला राखणदार नेमलं. "तीन वर्षं इथं कुणी जाळं टाकायचं नाही. कुणीच नाही." यमाजीनं पाण्याला हात लावून शब्द दिला.

इथंच वाडीचं पोट आलं आडवं. जांभूळखोंडा म्हणजे वाडीचं वैशाखातलं धान्य. पाणी उतरलं की सगळ्या झोपड्या मिळून गेळाची फळं ठेचून त्या पाण्यात टाकत. मासे गुंगून वर येत. टोपल्या भरून ते काठावर ओतले जात आणि त्यांचे वाटे पडत. माणशी एक वाटा, आणि जी बाई दोन जिवांची असेल तिच्या पोटातल्या जिवाचाही एक. तो वाटा सगळ्यांत आधी काढायचा असा रिवाज. आता ते सगळं बंद झालं, आणि बंद करणारा त्यांचाच यमाजी. वाडी त्याला तोंडावर काही बोलली नाही. फक्त तो आला की बोलणं थांबायचं.

राखण करायची म्हणजे कशी, हे यमाजीला एकाच पद्धतीनं माहीत होतं. नदीच्या वरच्या अंगाला देवाचा डोह होता. तिथले मासे कुणी धरत नाही, आणि ज्याच्याकडे राखण असते तो पाण्याकडे पाठ करून बसतो. राखणदारानं सारखं पाण्यात बघितलं तर माशांना दृष्ट लागते, ते वाढत नाहीत. त्याचा बाप असाच बसायचा, आजाही. तेव्हा यमाजीही जांभूळखोंड्याच्या तोंडाशी एका धोंड्यावर पाठ करून बसला, तोंड वाटेकडे. पहिल्या चैत्रात मागं घारींचा फार कालवा चालला होता. दोन-चार दिवस त्या सारख्या पाण्यावर झेपावत होत्या. त्याला वळून बघावंसं फार वाटलं, पण तो वळला नाही. या गोष्टीचा त्याला पुढं अभिमान वाटे.

पावसाळ्याच्या आत साहेबाची बदली झाली. राखण मात्र चालू राहिली. यमाजी वर्षाला दोन वेळा कचेरीत जाई आणि मासे ठीक आहेत का असं कारकुनानं विचारलं की ठीक आहेत म्हणे. न बघता ठीक आहेत म्हणणं बरं की वाईट, याचा घोळ त्याच्या डोक्यात परतीच्या वाटेवर सुरू होई आणि घर आलं तरी संपत नसे. बायको मंगळी एकदा म्हणाली, "एकदा बघा तरी वळून. हायेत का नाय?"

"बघितलं आन् मेलं तर?"

"आन् आधीच मेलं असतील तर?"

तो चिडला आणि जेवला नाही.

तिसऱ्या वैशाखात, भर दुपारी, पाठीमागं जाळं पडल्याचा आवाज झाला. ज्यानं जन्मभर जाळं टाकलं त्याला तो आवाज ओळखायला वळावं लागत नाही. यमाजी वळण्याआधीच ओरडला, "कोण हाय रे?" त्याची हाक धरणाच्या पहारेकऱ्यापर्यंत गेली. मग तो वळला. गुडघाभर पाण्यात उभा होता बारकू, त्याचा पाठचा भाऊ. जाळ्यात दोन मरळ. बारकूच्या बायकोला, गंगीला, सातवा महिना होता.

पहारेकरी धावत आला. "काय करतोय हा इथं?"

पाणी प्यायला आला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पहारेकऱ्यालाही उन्हातून शहापूरपर्यंत जायची हौस नव्हती. बारकू यमाजीकडे बघत होता. यमाजीला पाण्याला हात लावून दिलेला शब्द आठवला, आणि तो म्हणाला, "जाळं टाकलं त्यानं."

बारकूला शहापुरात चौकीवर चार दिवस बसवून ठेवलं आणि धरणावर यायला बंदी केली. सुटून आल्यावर तो वाडीत थांबला नाही. गंगीला घेऊन तो मुरबाडकडे गेला, टोकावड्याच्या रानात कोळशाच्या भट्टीवर कामाला. जाताना भावाच्या दारावरून गेला, पण आत बघितलं नाही. यमाजी कुडाच्या फटीतून त्याला जाताना बघत राहिला आणि घरात बसून पोरासारखा रडला. आपण खरं बोललो, मग हे असं का वाटतंय, ते त्याला कळेना.

तीन वर्षांची मुदत सरली तरी राखण उठव असं कुणी सांगितलं नाही, म्हणून यमाजी बसतच राहिला. लढाई सुरू झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी, पाऊस सरता सरता लांबसाहेब अचानक आला. अंगात खाकी, केस पांढरे झालेले. लढाईवर जायच्या आधी जुनं पाणी बघायला आला होता. धोंड्यावर पाठमोरा यमाजी बघून तो थबकला.

"तू इथं काय करतो?"

"राखतो सायेब. तुमचं मासं."

साहेब जवळ आला. "यमाजी, ते तर मेले. पहिल्याच उन्हाळ्यात. पाणी गरम झालं. मी धरणाच्या भिंतीपाशी बघितले, सगळे वर तरंगत होते. ऑफिसला सांगितलं होतं मी, राखण बंद करा म्हणून." मग म्हणाला, "तुला दिसले नाहीत?"

यमाजीनं पाठ करून बसण्याचं सगळं सांगितलं. साहेबाला हसू येत होतं, पण या वेळी तो हसला नाही. त्यानं यमाजीचा हात हातात घेऊन हलवला आणि गेला. यमाजी कितीतरी वेळ पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. बारकूला पकडलं ती वेळ सोडली तर चार वर्षांत पहिल्यांदाच. पाणी होतं, दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो टोकावड्याला निघाला. दीड दिवसाची वाट. भावाला काय सांगायचं ते वाटेत त्यानं दहा प्रकारे जुळवलं आणि दहाही वेळा मोडलं. भट्टीवर बारकू काळाठिक्कर होऊन लाकडं रचत होता. शेजारी दोन वर्षांची पोर खेळत होती. यमाजीनं तिला पहिल्यांदाच पाहिलं.

"सायेबाचं मासं नव्हतं बारकू," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "तू जाळं टाकलंस तवा खोंड्यात एक बी नव्हतं. पयल्याच साली मेलं व्हतं."

त्याला वाटलं होतं, भाऊ चिडेल, लाकूड उगारेल. तसं झालं तर बरंच, असंही वाटलं होतं. बारकू हातातलं लाकूड खाली ठेवून बसला.

"हे सांगाया आलास व्हय दादा, एवढं चालत?"

"तुला सांगाया पायजे ना."

"नको व्हतं सांगाया." बारकू पोरीकडे बघत बोलत होता. "मी चोर व्हतो आन् तू राखणदार. तुझं काम व्हतं, तू केलंस. गंगीला बी मी तेच सांगत आलो, दादा इमानाचा हाय, म्हणून मला धरला. त्याच्यावर ही सालं काढली. आता मासंच नव्हतं म्हनतोस, तर मी कशापायी गेलो? आन् तू कशापायी धाडलास?"

यमाजीनं त्यानं खाली ठेवलेलं लाकूड उचलून भट्टीवर रचलं.

"वाडीत बोलू नकोस हे," बारकू म्हणाला. "मासं व्हतं, असंच राहू दे. नायतर दोघं बी खुळं ठरू."

यमाजीनं कबूल केलं. राखण उठली, खोंडा मोकळा झाला, वाटे पुन्हा पडू लागले. विलायती मासे साहेबानं परत नेले, असं त्यानं वाडीला सांगितलं. पुढं यमाजीच्या लेकीच्या, सोनीच्या लग्नाला बारकू आला आणि राहिला; धरणावरची बंदी तोवर कुणाच्या लक्षातही नव्हती. दोघं भाऊ पुन्हा एका काठावर बसू लागले. मासे हा विषय सोडून बाकी सगळं बोलत.

साहेब लोक देश सोडून गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात धरणावर एक तरुण मराठी अंमलदार आला. त्यानं काठावर दोघांना गाठलं. "इथं म्हणे विलायती मासे सोडले होते. खरं का हो?"

यमाजीच्या आधी बारकूच बोलला.

"व्हतं तर. मी चोरलं बी त्यातलं. ह्यानं पकडून दिलं मला."

"हे कोण तुमचे?"

"सख्खा भाऊ."

अंमलदारानं यमाजीकडे नीट बघितलं. "सख्ख्या भावालाही सोडलं नाहीत? तुमच्यासारखी माणसं हवीत आता आम्हाला," असं म्हणून त्यानं यमाजीच्या पाठीवर हात ठेवला. बारकू मोठ्या भावाकडे कौतुकानं बघत होता, आणि त्या कौतुकात खोट शोधूनही यमाजीला सापडेना. शाबासकी घ्यावी की धाकट्याचे पाय धरावेत, त्याला काही सुचेना. अंमलदार निघून गेल्यावर त्यानं कमरेची विडी काढली, पेटवली, आणि स्वतः न ओढता आधी बारकूला दिली.